पाच नंबरचा दात

आमच्या जेवणाच्या टेबलावर सात दात मांडले होते आणि आई ताटं हातात घेऊन उभी होती.

"काय करून राहिले हे? आधी उचला ते," ती बाबांना म्हणाली. "मेलेल्याचे दात आहेत न ते?"

"मेलेल्याचेच. पण मरून कोट्यवधी वर्षं झाली," बाबा म्हणाले. "आता सुतक उरलं नसेल."

टेबलाच्या पलीकडे बसलेले सरदारजी हसले. मराठी त्यांना येत नव्हतं, पण बाईमाणूस ताटं घेऊन उभं राहिलं की काय म्हणत असेल हे कुठल्याही भाषेत कळतं. त्यांनी एकेक दात कापसात ठेवला, कापूस रिकाम्या काडेपेटीत, काडेपेट्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मग म्हणाले, "लो भाभीजी, टेबल आपका."

त्यांना आम्ही भाजी म्हणायचो. पंजाबीत थोरल्या भावाला म्हणतात तसं. बाबा म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात ते तंत्रज्ञ होते, आणि काम एकच: दगडातून हाडं आणि दात मोकळे करणं. बाबा चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेत दातांचे डॉक्टर. ओळख झाली ती भाजींची दाढ काढताना. दाढ निघाली, तोंडात बोळा होता, तरी भाजींनी कागद मागून घेतला आणि लिहून विचारलं, डॉक्टरसाहेब, तुमची ही बारीक हत्यारं जुनी झाली की कुठे जातात? तेव्हापासून बाबांच्या ओपीडीतली झिजलेली हत्यारं भाजींकडे जायला लागली. माणसाच्या दातातली कीड कोरणारी सळई त्या दातांभोवतीचा दगड कोरायला लागली.

ते दात कुणाचे, तर एका समुद्री सरीसृपाचे. दिसायला माशासारखा, पण मासा नव्हे. पाण्यावर येऊन श्वास घेणारा, बसएवढा लांब. हिमालयापलीकडच्या एका खोऱ्यात, जिथे आता गवतही नीट उगवत नाही, तिथे एकेकाळी समुद्र होता. तिथल्या चुनखडीच्या एका मोठ्या दगडात त्याच्या जबड्याचा तुकडा सापडला होता. सात दात सुटे निघाले होते, बाकीचे अजून दगडातच होते. दात अंगठ्याएवढा, काळपट तपकिरी, टोकाला गुळगुळीत आणि बुडाशी उभ्या रेघारेघांचा. बाबा भिंग लावून बघत बसायचे. "प्रत्येकाला वेगळं घर नाही," ते मला सांगायचे. "सगळे एका चरात ओळीने उभे. एक झिजला, पडला, की खालून दुसरा तयार. असले पेशंट असते तर मी उपाशी मेलो असतो."

मी तेव्हा कायदा शिकत होते. आमचा सातआठ जणांचा गट होता आणि आमच्याकडे पत्रकं छापायचं एक सायक्लोस्टाइल मशीन होतं. मला दातांपेक्षा त्या मशीनमध्ये जास्त रस होता, हे कबूल करते. पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत शहर कसं होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, आत बॉम्ब असू शकतो, अशा पाट्या. स्कूटरवर मागे माणूस बसवायला बंदी. आज बाजार उघडा, उद्या कर्फ्यू. चौकाचौकात वाळूच्या पोत्यांमागे बंदूक. रोज सकाळी पेपरात मेलेल्यांची यादी, त्यात सगळ्याच बाजूंची माणसं. आणि नाक्यावर दहा सायकली आल्या तर अडवली जायची ती पगडीवाल्याची. हे मी पत्रकांमध्ये शंभर वेळा लिहिलं आहे, इथेही लिहिते, कारण ते खरं होतं.

भाजी दात घरी का न्यायचे, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. चुनखडीचा दगड ते पातळ अ‍ॅसिडमध्ये ठेवायचे. लोणच्यात घालतात त्या सिरक्याच्याच जातीचं. दगड हळूहळू विरघळतो, दात राहतो. पण लक्ष ठेवावं लागतं. वेळेवर काढून धुतला नाही तर अ‍ॅसिड दातालाही खायला लागतं. आणि कर्फ्यू काही अ‍ॅसिडला विचारून लागत नाही. दुपारी दोनला शिपाई यायचा, सगळे बाहेर, इमारत बंद. मग दात आत बुडालेले आणि भाजी बाहेर. एकदा असा एक दात गेला. त्याचं पीठ झालं. भाजी त्या दिवशी आमच्याकडे येऊन नुसते बसले. आईने केलेला चहा तसाच गार झाला. त्यानंतर विभागप्रमुख म्हणाले, सुटे नमुने घरी नेत जा. तोंडी म्हणाले. लेखी कोण देणार?

त्या संध्याकाळी भाजी आमच्याकडून निघाले तेव्हा त्यांच्या सायकलच्या पिशवीत काय होतं? अ‍ॅसिडची बाटली. बाबांनी नुकत्याच दिलेल्या पोलादी सळया. कापूस. आणि पत्र्याच्या डब्यात सात काडेपेट्या, प्रत्येकीवर शाईने नंबर. विभागात बारीक नमुने ठेवायची हीच पद्धत होती, सगळा स्टाफ घरच्या रिकाम्या काडेपेट्या जमवून आणायचा. त्यात वावगं काही आहे हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाबांनीच ती पिशवी सायकलला बांधून दिली.

मोहालीच्या हद्दीवरच्या नाक्यावर ती पिशवी उघडली गेली. अ‍ॅसिड, सळया, काडेपेट्या आणि वर पगडी: पोलिसांना ते बॉम्बचं सामान वाटलं, आणि भाजींना रात्रभर चौकीत डांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आणि विभागप्रमुख चौकीवर जाऊन त्यांना सोडवून घेऊन आले. मारहाण झाली नव्हती. पगडी उतरवून तपासली होती. भाजी आमच्या घरी बसले, पाणी प्यायले, आणि काडेपेट्या एकेक उघडल्या. पाच नंबरची रिकामी होती. कापसात खळगा होता, दात नव्हता.

मी तिथेच वही काढली.

"छड्ड पुत्तर," भाजी म्हणाले. "लिखना मत."

"का नाही? म्हणजे, क्यों नहीं? उन्होंने चोरी की है!"

"मेरा एक काम बाकी है. दो दिन रुक जा."

"भाजी, डर ही तो उनकी जीत है," मी म्हटलं. हे वाक्य मी त्यांना ऐकवलं. रात्रभर कोठडीत बसून आलेल्या माणसाला. आमच्या तीन पत्रकांत ते आधी येऊन गेलं होतं.

बाबा म्हणाले, "अगं, तो नको म्हणतो आहे ना?"

"ते घाबरलेत बाबा. म्हणून तर आपण लिहायचं."

पत्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं. वसतिगृहांच्या मेसमध्ये, कॅन्टीनमध्ये, कोर्टाच्या आवारात. एक पठ्ठ्या तर चौकीच्या फाटकावर चिकटवून आला. त्यातलं एक वाक्य असं होतं: "विद्यापीठाचे अमूल्य नमुने रोज स्वतःच्या घरी नेऊन, रात्रीचा दिवस करणाऱ्या एका निष्ठावान कर्मचाऱ्याच्या डब्यातून पोलिसांनी एक दात चोरला." हिंदीत ते आणखी जोरदार वाटत होतं. मला ते फार आवडलं होतं.

चार दिवसांनी भाजींना विद्यापीठाचा मेमो आला. त्यात माझं वाक्य अवतरणचिन्हांत होतं. नमुने रोज घरी नेले जात होते ते कोणाच्या परवानगीने? एक नमुना गहाळ आहे, त्याची नोंद विभागाकडे का नाही? समिती बसेपर्यंत निलंबन. समितीसमोर रजिस्टरप्रमाणे सातही दात हजर करावेत, अन्यथा चोरीची कारवाई. भाजींच्या पेन्शनला चार वर्षं उरली होती.

मी मेमो दोनदा वाचला. पोलिसांविरुद्ध लिहिलेलं वाक्य, आणि फास भाजींच्या गळ्यात.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुत्तर, मुझे पता था दांत कहां है."

मग त्यांनी सांगितलं. चौकीवर एक तरुण हवालदार होता. रात्री त्याने काडेपेटी उघडून दात हातात घेतला आणि विचारलं, मगरमच्छ का है? भाजींना राहवलं नाही. आयुष्यभर या दातांबद्दल कुणी विचारत नाही, आणि इथे एक माणूस विचारतो आहे! त्यांनी सगळं सांगितलं. मगरीपेक्षा मोठा, समुद्राचा राजा. हवालदाराने विचारलं, ताकतवाला होगा? "और मैंने बोल दिया, बहुत," भाजी म्हणाले. "कसूर मेरा भी है." सुटल्यावर ते त्यालाच गाठणार होते, गुपचूप. गाठलंही. तो म्हणाला होता, परवा या. परवा म्हणजे माझं पत्रक फाटकावर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत त्याला कुठलाच दात आठवत नव्हता.

परवानगीचं बाबांनी निस्तरलं. विभागप्रमुखांच्या घरी जाऊन बसले आणि तोंडी दिलेली परवानगी लेखी घेऊनच उठले. दात मात्र हवाच होता.

"उसके घर चलता हूं," भाजी म्हणाले. "वर्दी उतरी हो तो आदमी बात करता है."

"मीही येणार."

"चुप रहेगी?"

"हो."

"पक्का?"

"पक्का."

रविवारी दुपारी आम्ही पोलीस लाइनीत गेलो. एका खोलीचं घर, दारात खाट. हवालदार बनियनवर बसून वाटाणे सोलत होता. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा असेल. भाजींना पाहून तो उठला आणि त्याच्या मांडीवरचे वाटाणे सगळे खाली सांडले. त्याची बायको बाहेर आली, कडेवर दीडएक वर्षाची मुलगी. मुलीच्या गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात एक ताईत, आणि ताइताशेजारी पाच नंबरचा दात. भाजींनी लिहिलेला बारीक पांढरा आकडासुद्धा दिसत होता.

मी अंधश्रद्धेवर बोलणार होते. माझ्याकडे तयार होतं, त्यावरही आमचं पत्रक होतं. पण माझा स्वतःचा लहानपणीचा एक फोटो आहे, त्यात माझ्या गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनख आहे. डॉक्टरच्या मुलीच्या. आजोळहून अमरावतीहून आलेलं, आणि आईने ते पाच वर्षं काढू दिलं नव्हतं.

हवालदार हिंदीत भराभर बोलायला लागला. आधीची मुलगी तापात गेली होती. ही सारखी आजारी. दात फक्त थोडे दिवस ठेवणार होतो, देणारच होतो.

"ये खुद नाके पे खड़ा होता है," बायको मध्येच म्हणाली. "कोई भी स्कूटर से आए और गोली मारके निकल जाए. मैंने तो कहा, दो दांत ले आता. एक खुद बांध लेता."

मुलगी दात तोंडात घालून चोखत होती. भाजींचा जीव वरखाली होत असणार, कारण दाताच्या बुडाशी अजून दगड चिकटलेला होता आणि तो भाग ठिसूळ होता.

"अब लौटाऊं कैसे?" हवालदार म्हणाला. "लौटाया तो लिखा जाएगा मैंने उठाया था. परचे में तो किसी ने चोर लिख ही दिया है."

"मैंने लिखा है," मी म्हटलं.

भाजींनी डोळे मिटले. बायकोने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इत्ती-सी लड़की ने?"

मग भाजींनी तोड काढली, आणि ती त्यांनी आधीच ठरवलेली होती हे माझ्या लक्षात आलं. दात मिळाला. कुठे? डब्यातच, सहा नंबरच्या कापसात अडकलेला होता. म्हातारा घाबरला होता, नीट पाहिलं नाही. कुणी चोर नाही, कुणी हवालदार नाही. "बस, इतनी बात है," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. कारण इतकीच बात नव्हती. शहरभर वाटलेल्या कागदावर चोरी छापलेली होती. तो कागद उभा राहिला तर समिती पहिला प्रश्न तोच विचारणार. तो मागे घ्यायला हवा होता, आणि तो खरा होता.

"फिर इसके गले में क्या रहेगा?" बायकोने विचारलं. तिचा प्रश्न वेगळा होता, आणि तिच्यापुरता माझ्या प्रश्नाहून मोठा.

"डॉक्टरसाहब नया बना देंगे. बिल्कुल ऐसा."

"नकली? वो काम करेगा?"

"बेटी," भाजी म्हणाले, "असली जिसके मुंह में था, वो भी तो मर गया."

ती आधी घाबरली, मग हसली. दोरा तिने स्वतःच सोडला.

बाबांनी त्याच संध्याकाळी दाताचा ठसा घेतला. कवळी करतात त्याच अ‍ॅक्रिलिकचा दात ओतला, त्याला रंग दिला. "तीस वर्षं लोक मला दात पांढरा करा म्हणतात," ते कुरकुरले, "हा पहिलाच, ज्याला चहाचा डाग हवा." बुडाच्या उभ्या रेघासुद्धा त्यांनी सुईने ओढल्या. भाजी शेजारी बसून चुका काढत होते. एका रेघेवरून दोघांचं वाजलंच. आई म्हणाली, "ज्याच्यासाठी करता ती दीड वर्षाची आहे, ती रेघा मोजणार आहे का?" दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं की ती आत निघून गेली. तो दात सोमवारी पोलीस लाइनीत पोचला.

माझं काम राहिलं होतं. गटाच्या बैठकीत मी सांगितलं, आपण आरोप मागे घ्यायचा. मी खरं कारण सांगू शकत नव्हते. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनला कळलं असतं.

"यार, तू पुलिस की एजंट कब से हो गई?" एकाने विचारलं. तो माझा चांगला मित्र होता. अजूनही तो मला त्यावरून टोचतो, आणि मी गप्प बसते. गप्प बसणं मला जमत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून त्याचा संशय आणखी पक्का होतो.

दुसरं पत्रक मी एकटीने काढलं. दात विभागाच्याच डब्यात सापडला आहे. चोरीचा आमचा आरोप चुकीचा होता. तो आम्ही मागे घेतो. खाली माझी सही. अटकेबद्दलचं वाक्य मी काढलं नाही. पगडी पाहून सायकल अडवली, काडेपेट्या पाहून माणसाला रात्रभर बसवलं, हे तसंच ठेवलं. भाजींना विचारलं, हे राहू दे ना? ते म्हणाले, "वो रहने दे. वो तो हुआ है."

समितीचे तीन सदस्य आले. सात काडेपेट्या उघडल्या, सात दात मोजले, विभागप्रमुखांचा कागद पाहिला. दोन्ही पत्रकं फाइलला लावलेली होती. एकाने पाच नंबरचा दात उचलून विचारलं, याच्यावर हा ओरखडा कसला? भाजी म्हणाले, साफ करताना हत्यार लागलं, माझी चूक. तो ओरखडा एका दीड वर्षाच्या मुलीच्या दुधाच्या दातांचा होता, किंवा ताइताच्या पत्र्याचा. निलंबन उठलं. एक अट घातली: यापुढे एकही नमुना इमारतीबाहेर जाणार नाही.

अट वाचायला साधी आहे. तिचा अर्थ असा झाला की दगड अ‍ॅसिडमध्ये फक्त तेव्हाच ठेवायचा, जेव्हा संध्याकाळपर्यंत इमारत उघडी राहील याची खात्री असेल. त्या वर्षांत अशी खात्री कोण देणार होतं? आठवड्यातून एखादा दिवस मिळायचा. बाकी दिवस भाजी सुईने कोरडं कोरत बसायचे. एक दात मोकळा व्हायला आधी जेवढे आठवडे लागायचे, तेवढे आता महिने लागायला लागले.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले, पूर्ण पेन्शनसह. हवालदाराची बदली झाली आहे, मुलगी शाळेत जाते असं भाजींकडून कळतं. हे लिहू का, म्हणून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, लिही, पण नाव कुणाचंच नको, माझंही नको. म्हणून नावं नाहीत.

मी खोटं छापलं. लिहिता येतं तेव्हापासून मी ज्या गोष्टीविरुद्ध लिहीत आले ती मी स्वतः केली, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करेन. पहिलं पत्रक शब्दन् शब्द खरं होतं. त्याची मला जास्त लाज वाटते.

जबडा विभागात आहे. अर्धा बाहेर, अर्धा दगडात. दगडातून दातांची टोकं तेवढी दिसतात. भाजींची जागा भरलेली नाही. जाहिरातसुद्धा नाही. विचारायला गेले तर कारकून म्हणाला, आता ते काम कोण करणार, आणि कशाला? त्याला उत्तर म्हणून मी हे लिहिलं आहे. ती जागा भरा.